अर्ध्यात सोडलेलं वाया जातं का?



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३७ ते ४४

ध्यानयोगाचा सहावा अध्याय संपत आलेला असताना अर्जुन एक प्रश्न विचारतो. गीतेतले त्याचे बरेच प्रश्न तत्त्वज्ञानाचे आहेत. हा मात्र मला नेहमी घाबरलेल्या माणसाचा प्रश्न वाटतो. तो विचारतो, देवा, एखाद्याने श्रद्धेने योगमार्ग धरला, पण मन चळलं आणि मार्ग मध्येच सुटला, तर त्याचं काय होतं? संसारातली वाट त्याने आधीच सोडलेली, ही वाटही पुरी झाली नाही. फुटलेल्या ढगासारखा तो दोन्हीकडून नष्ट तर होत नाही ना?

ज्ञानेश्वर माऊली इथे अवेळी आलेल्या विरळ आभाळाचा दृष्टांत देतात. ते धड टिकतही नाही आणि धड बरसतही नाही.

हा प्रश्न योगसाधकाचा आहे, कॉलेजच्या अॅडमिशनचा नाही, हे मला माहीत आहे. पण गेल्या महिन्यात हेच श्लोक माझ्या अंगावर आले ते एका अॅडमिशनमुळेच. म्हणून आज जरा घरचं सांगतो.

पालखी पुण्यात यायच्या चार दिवस आधी ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी चुलत बहीण. तिचा मुलगा, माझा भाचा, पुण्यात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. ताई रडवेली होऊन म्हणाली, "अरे, हा कॉलेज सोडतोय. आयटीआयला जायचं म्हणतो, इलेक्ट्रिशियन व्हायचंय त्याला. तुझं ऐकतो तो. तू इंजिनिअर आहेस, तूच समजाव."

मी लगेच "हो" म्हणालो. रात्री बसून चक्क एक एक्सेल शीट बनवली. एका रकान्यात बी.कॉम. पूर्ण केल्यावरचे पर्याय, दुसऱ्यात आयटीआयनंतरचे. खरं तर निकाल आधीच ठरवला होता आणि त्याला शोभतील असे आकडे भरत होतो. ऑफिसमध्ये असं कुणी केलं तर मी रिव्ह्यूमध्ये परत पाठवलं असतं.

दरवर्षी आमच्या ऑफिसमधली काही मंडळी माऊलींच्या पालखीसोबत आळंदी ते पुणे चालतात. यंदा मी भाच्यालाही बोलावलं. चालता चालता समजावू, असा डाव होता. दिघी मागे पडली तरी विषय निघाला नाही. टाळमृदंगाच्या आवाजात "तुझं करिअर" वगैरे शब्द तोंडातून निघेनात.

विश्रांतवाडीच्या आसपास एका मंडळाच्या मांडवात चहासाठी थांबलो. कोपऱ्यात वारकऱ्यांचे मोबाइल चार्जिंगला लावायची सोय केलेली. एका एक्स्टेंशन बोर्डाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, शिवाय त्यावरच दोन पंखे. मी चहाचा कप घेऊन उभा होतो. भाचा एकदम म्हणाला, "मामा, वास येतोय." मला कसलाच वास येत नव्हता. तो वायरीच्या मागे मागे मांडवाच्या पाठीमागे गेला, मेन स्विच बंद केला आणि ओरडला, "कुणी हात लावू नका!" मग मंडळाच्या वायरमनला शोधून घेऊन आला.

वायरमन पन्नाशीचे. त्यांनी जोड उघडला. न्यूट्रलची वायर सैल झालेली, वरचं प्लास्टिक वितळून काळं पडलेलं. मांडव कापडाचा, खाली गवत आणि सतरंज्या, आत साठसत्तर माणसं. अजून अर्धा तास गेला असता तर काय झालं असतं ते सांगायला नको.

वायरमन काम करत होते आणि भाचा न सांगता पक्कड, टेस्टर, टेप हातात देत होता. सुट्ट्यांमध्ये तो एका ओळखीच्या इलेक्ट्रिशियनबरोबर काम करायचा, हे मला तेव्हा कळलं. काम झाल्यावर वायरमननी त्याला विचारलं, "बरोबर ओळखलंस पोरा. पण मला सांग, सैल वायर तापते का?"

भाचा गप्प झाला. म्हणाला, "तापते एवढं माहितीये. का ते नाही माहीत."

मला माहीत होतं. जोड सैल झाला की स्पर्शाची जागा कमी होते, तिथला रोध वाढतो आणि प्रवाह तोच राहिला तरी तेवढ्या ठिकाणी उष्णता साठत जाते. चार वाक्यांत सांगता आलं असतं. पण ती वायर मला बांधता आली नसती, आणि वास तर मला आलाच नव्हता.

पुन्हा चालायला लागल्यावर त्यानेच विषय काढला. "मामा, आईने तुला मला समजवायला सांगितलंय ना? मला शिक्षण सोडायचं नाहीये. ते 'का' आहे ना, ते शिकायचंय मला. बी.कॉम.मध्ये मी तीन सेमिस्टर नुसता बसलोय." आणि मग थोडं थांबून, "तू पण सोडलं होतंस ना?"

मी पटकन म्हणालो, "ते वेगळं होतं."

मंडळी, हे तीन शब्द बोललो आणि माझे मलाच ऐकू आले.

वेगळं काय होतं, ते आता प्रामाणिकपणे सांगतो. २००८ साली बारावी झालो. सीईटीत मार्क कमी पडले, म्हणून विद्यापीठाच्या एका जुन्या, नावाजलेल्या कॉलेजात बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. कॉलेज चांगलं होतं, सर चांगले होते. खोट माझ्यात होती, किंवा खोटही म्हणू नये. सिद्धता पाठ करायचो आणि विसरायचो. जीव लागायचा तो फक्त इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रॅक्टिकलला. ब्रेडबोर्डवर सर्किट जोडायचं, सीआरओवर लाट उमटली की तास कधी संपला ते कळायचं नाही. तिथले लॅब असिस्टंट काका एकदा म्हणाले, "तुला वाचायचं नाहीये रे, तुला जोडायचंय. पॉलिटेक्निकला का नाही गेलास?"

वर्ष संपल्यावर गेलो. २००९ मध्ये डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला. वर्गातली बहुतेक मुलं दहावी होऊन आलेली, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी वर्कशॉपमध्ये लोखंडाचा तुकडा आणि कानस हातात दिली. दुपारपर्यंत तळहाताला फोड आले. शेजारचा सोळा वर्षांचा पोरगा मला "दादा" म्हणून कानस कशी धरायची ते शिकवत होता. त्या दिवशी घरी जाऊन मी जेवलो नाही.

त्याहून जड दुसरीच गोष्ट होती. बाबा वर्षभर गावात सगळ्यांना सांगत राहिले, "पोराचं बी.एस्सी. चालू आहे." मी सुट्टीला गेलो की मीही तेच म्हणायचो. आजी रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणायची. ती एकदाच म्हणाली, "देवापुढे बसून खोटं बोलता येत नाही रे, मग देवळाबाहेर तरी कशाला?" आम्ही दोघांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

२०१२ ला डिप्लोमा झाला, त्यावर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला, २०१५ ला डिग्री आणि नोकरी. मग सगळं ठीक झालं. पण माझ्या रेझ्युमेत ते बी.एस्सी.चं वर्ष कधीच आलं नाही. मुलाखतीत कुणी विचारलं की "मधल्या वर्षात काय?", तर मी घरच्या अडचणींचं काहीतरी सांगायचो.

म्हणजे "ते वेगळं होतं" याचा खरा अर्थ असा होता : मी सोडलं पण वर चढलो, तू सोडून खाली चाललायस. डिप्लोमावरून डिग्रीकडे जिना वर जातो आणि बी.कॉम.वरून आयटीआयकडे खाली, हे मी मनात धरूनच बसलो होतो. हा जिना कुणी बांधला? गीतेत तर तो मला सापडला नाही.

जरा आपला इतिहास बघा. पुण्यातलं इंजिनिअरिंगचं शिक्षण १८५४ मध्ये सुरू झालं ते सार्वजनिक बांधकामासाठी हाताखालची माणसं तयार करणाऱ्या एका छोट्या वर्गाच्या रूपात. मुंबई विद्यापीठ त्यानंतर तीन वर्षांनी, १८५७ मध्ये आलं. आज ज्याच्या नावाने छाती फुगते, त्या शिक्षणाची सुरुवात कामकरी माणसं घडवण्यातूनच झाली. आणि आपल्या वारकरी संतांची नावं घ्या. सावता माळी, गोरा कुंभार, नरहरी सोनार, सेना न्हावी. नावातच हातातलं काम आहे. आपण पालखीत त्यांची नावं गजरात घेतो आणि घरातलं पोरगं हाताने काम करायचं म्हणालं की आपला चेहरा उतरतो.

इथे एक सांगायलाच हवं. "स्वभावाला धरून असलेलं काम कर" असं गीता अठराव्या अध्यायात म्हणते, आणि याच शिकवणीचा आधार घेऊन लोकांना जन्मावर काम वाटून दिलं गेलं. चोखोबांना देवळाच्या पायरीबाहेर ठेवलं गेलं. म्हणून मी हा शब्द जपून वापरतो. स्वभाव म्हणजे जात नाही, बापाचा धंदा नाही आणि बापाचं स्वप्नही नाही. ताईच्या घरी कुणी इलेक्ट्रिशियन नव्हतं. त्या मुलाला वास आला, कारण त्याचं लक्ष तिकडे होतं. त्याचा स्वभाव तिथे दिसला.

आता अर्जुनाच्या प्रश्नाकडे परत येऊ. श्रीकृष्ण उत्तराची सुरुवातच कशी करतात बघा. ते इथे अर्जुनाला "तात" म्हणतात, म्हणजे जवळजवळ "बाळा". आधी धीर देतात. सांगतात, चांगलं काम करणाऱ्याचा नाश या लोकीही होत नाही आणि परलोकीही नाही. मग सांगतात की असा साधक चांगल्या घरात किंवा योग्यांच्याच कुळात पुन्हा जन्म घेतो आणि आधीच्या देहात मिळवलेली बुद्धी त्याला परत मिळते. तिथून पुढे तो प्रयत्न करतो. पूर्वीचा अभ्यास त्याला जणू स्वतःहून ओढून नेतो.

आपल्या भाषेत सांगायचं तर त्याचे क्रेडिट्स बुडत नाहीत. भगवंताकडे थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश आहे!

गंमत बाजूला ठेवू, पण हे मी अनुभवलंय. बी.एस्सी.च्या त्या "वाया गेलेल्या" वर्षात रडतखडत शिकलेलं फिजिक्स डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी असं उपयोगी पडलं, की वर्गातली तीच लहान मुलं माझ्याकडे शंका विचारायला यायची. कानस धरायला त्यांनी मला शिकवलं, सर्किटमागचं "का" मी त्यांना सांगितलं.

पण मग एक अडचण येते, आणि ती टाळून चालणार नाही. हेच श्रीकृष्ण पहिल्या-दुसऱ्या अध्यायात अर्जुनाला रणांगण सोडू देत नाहीत. तिथे तोही "मला हे नको" असंच म्हणत होता. मग सोडणाऱ्याला एके ठिकाणी झापायचं आणि दुसरीकडे "बाळा" म्हणायचं, हे कसं?

मला कळलं ते असं. रणांगणावरचा अर्जुन कशाकडे तरी जात नव्हता, तो फक्त कशापासून तरी पळत होता. भीक मागून जगेन म्हणाला, पण भिक्षूची ओढ त्याला नव्हती, समोरच्या दुःखाची भीती होती. सहाव्या अध्यायातला साधक श्रद्धेने निघालेला आहे, तो अडखळलाय. बाहेरून दोघेही "सोडणारे" दिसतात. फरक आत असतो, आणि तो बाहेरच्याला एक्सेल शीटमध्ये दिसत नाही.

म्हणून मी भाच्याला ना "हो" म्हणालो, ना "नाही". तीन गोष्टी करायला सांगितल्या.

पहिली, या सेमिस्टरचे राहिलेले पेपर दे. सोडायचंच असेल तर आवरून सोड, पसारा टाकून नको. २०२० च्या शैक्षणिक धोरणात एक-दोन वर्षांनी बाहेर पडणाऱ्यालाही प्रमाणपत्र किंवा पदविका देण्याची कल्पना आहे. आपल्या कॉलेजात त्याचं काय होतं ते ऑफिसात जाऊन विचार.

दुसरी, आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये स्वतः जाऊन ये. इलेक्ट्रिशियनचा कोर्स दोन वर्षांचा. दिवसभर उभं राहायचं, हजेरी कडक. सुरुवातीला कापणं, घासणं, जोड मारणं हेच पुन्हा पुन्हा. तिथल्या निदेशकांशी बोल, दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोल. खासगी संस्था बघत असशील तर त्या ट्रेडला रीतसर मान्यता आहे का ते आधी तपास. पुढचं दारही बघून ठेव : कोर्सनंतर ॲप्रेंटिसशिप करता येते, आणि दोन वर्षांच्या आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायची वाट आहे.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. गावात कुणी विचारलं, "काय करतोस?", तर पहिल्या दिवसापासून खरं सांगायचं. ते जमणार असेल तरच जा.

तो तिन्ही करून आला. वर्कशॉपमधून परत आल्यावर मला फोन केला आणि पंधरा मिनिटं मोटर वाइंडिंगबद्दलच बोलत होता. तीन सेमिस्टरमध्ये अकाउंट्सबद्दल तो माझ्याशी पंधरा सेकंदही बोलला नव्हता.

आपल्या परंपरेतली गोरोबाकाकांची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. संतांचा मेळा जमलेला, मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबाकाका मडकी तपासायच्या थापटण्याने एकेकाचं डोकं ठोकून बघतात. नामदेवांची पाळी येते आणि त्यांना राग येतो. गोरोबा म्हणतात, हे मडकं कच्चं. नामदेव साधे कुणी नव्हते, प्रत्यक्ष विठ्ठलाशी बोलणारे. तरी ते पंढरपूर सोडून औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले आणि पुन्हा पहिलीतले विद्यार्थी झाले. गोष्ट बहुतेक वेळा गुरूचं महत्त्व सांगायला वापरतात. मला आज त्यात दुसरं दिसतं. सगळे मान देतात ती जागा सोडून, "मी कच्चा आहे" असं मान्य करून भलतीकडे शिकायला जाणं, याला केवढं बळ लागलं असेल! थापटणं डोक्यावर बसतं तेव्हा दुखतंच. पण मडकं कच्चं आहे म्हणून कुंभार ते फेकून देत नाही, पुन्हा भट्टीत घालतो.

ताईला मी सांगितलं की मी त्याला अडवणार नाही. ती चिडली. "स्वतः एसीत बसतोस आणि माझ्या पोराला खांबावर चढवतोस," म्हणाली. तिचं दुःख खोटं नाही. तिने शिवणकाम करून त्याची फी भरली आहे. मी वाद घातला नाही. तिचं मन वळवायचा हक्क मला नव्हताच.

तो फोन शेवटी बाबांनी केला. मला नंतर आईकडून कळलं. बाबा ताईला एवढंच म्हणाले, "मी एक वर्ष लोकांना खोटं सांगितलं. पोरगा शिकत होता आणि मी लाजत होतो. तू हे करू नकोस." सोळा वर्षांत बाबा या विषयावर माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. अजूनही बोललेले नाहीत. पण आता बोलायची गरज राहिलेली नाही, असं वाटतं.

भाच्याने अर्ज भरलाय. यादी लागायची आहे. ताई माझ्याशी अजून मोजकंच बोलते. पुढे त्याचं कसं होईल ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पुढच्या अठराव्या अध्यायात भगवंतच म्हणतात की आगीला धूर असतो तसा प्रत्येक कामाला काही ना काही दोष असतोच. बी.कॉम.ला धूर आहे, आयटीआयला आहे, माझ्या कोडिंगलाही आहे. ज्या आगीत आपल्याला शिजायचंय, तिचा धूर सोसायची तयारी हवी, एवढंच.

काल रात्री मी माझा रेझ्युमे उघडला. शिक्षणाच्या यादीत एक ओळ घातली : २००८ ते २००९, बी.एस्सी., प्रथम वर्ष, पुढे सोडले. ओळ छोटीच आहे. सेव्ह करायला मला बराच वेळ लागला.

आजची छोटी साधना : तुमच्या आयुष्यात अर्ध्यात सोडलेली एक गोष्ट आठवा, कोर्स, नोकरी, गाण्याचा क्लास, काहीही. पाच मिनिटं शांत बसा आणि स्वतःला विचारा : तेव्हा मी पळत होतो, की कुठेतरी जात होतो? उत्तर "पळत होतो" असं आलं तरी घाबरू नका, अर्जुनही तिथूनच सुरू झाला. मग त्या अर्धवट गोष्टीतून आज तुमच्या हातात काय उरलंय ते शोधा आणि त्यासाठी देवाचे आभार माना. आणि घरात कुणी नवी वाट धरत असेल, तर आजच्या दिवस त्याला सल्ला देऊ नका. त्याला फक्त विचारा, "तिथे काय शिकलास, सांग की."

हे माऊली, आमचं अर्धवट ते तुझ्या पायाशी आहे. पुरं करणारा तूच.

उद्या याच अध्यायाचे शेवटचे श्लोक घेऊ.

राम कृष्ण हरी!